काळी चार ते काळी एक

सातवी संपून आठवीची पुस्तकं घरात आली की मुलग्यांच्या आयांचे फोन सुरू होतात. "ताई, ह्याचा आवाज बसलाय, पंधरा दिवस क्लासला पाठवत नाही." पंधरा दिवसांचा महिना होतो, महिन्याची दिवाळी होते, आणि मुलगा गाण्यातून जातो तो जातोच. नाशिकला इंदिरानगरमध्ये माझा गाण्याचा वर्ग आहे. गाण्याच्या परीक्षांत माझ्याकडच्या मुली मध्यमा, विशारदपर्यंत पोचतात आणि त्यांच्याबरोबर भूप रागाच्या सरगमीपासून सुरुवात केलेले मुलगे त्याआधीच्या प्रवेशिकेलाच थांबतात. अभ्यास, क्रिकेट ही कारणं आहेतच. पण सगळ्यात जास्त मुलगे मी घालवले ते बारा ते पंधरा या वयात, आवाज उतरत असताना. त्या काळात मुलाला धरून कसं ठेवायचं हे कुणी नीट शिकवलेलं नसतं, ना आईबापांना, ना आम्हा शिक्षकांना. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझ्या पिढीला मिळालेला सल्ला साधा होता: आवाज फुटला की दोन वर्षं गाणं बंद. हा सल्ला कुठून आला तेही समजतं. संगीत नाटकांच्या कंपन्यांत पोरं स्त्रीभूमिका करायची. पदं वरच्या पट्टीतली, प्रयोग रात्रभर चालणारे, ध्वनिक्षेपक नाही. आवाज फुटत असताना त्याच पट्टीत, तेवढ्याच जोरात गायला लागलं की गळ्याची वाट लागायची. तसं गाण्यापेक्षा न गाणं शहाणपणाचं, यात वाद नाही. पण मुलाला त्याच पट्टीत गायला लावायचंच नसेल, तर गाणं बंद कशासाठी? मी बंद करत नाही. पट्टी बदलते, राग बदलते, आवाजाचा जोर निम्म्यावर आणते. वर्ग मात्र चालूच.

घशात काय होतं ते मी मुलांना आडपडदा न ठेवता सांगते. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र वाढतं, त्याचा पुढचा भाग बाहेर दिसू लागतो, तोच कंठमणी. आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात. तार लांब आणि जाड झाली की स्वर खाली उतरतो हे दाखवायला माझ्याकडे दोन तानपुरे आहेत, एक बायकी पट्टीचा आणि एक मोठा मर्दानी. मुलांना मी दोन्ही तानपुऱ्यांच्या तारांवरून बोट फिरवायला लावते, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार छेडायला लावते. मग समजावून सांगायला फार काही उरत नाही. दहा वर्षांच्या मुलाचा बोलण्याचा आवाज सेकंदाला २५० कंपनांच्या आसपास असतो, मोठ्या पुरुषाचा १०० ते १३० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ एक सप्तक खाली. तंतू वाढले तरी त्यांना ताणणाऱ्या स्नायूंना जुन्या लांबीचीच सवय असते, म्हणून मुलगा मनात पंचम धरतो आणि गळ्यातून भलताच स्वर निघतो. त्याला स्वतःला तो चुकलेला कळतो, आणि लाज वाटते ती त्यामुळेच. "तुझा कान बरोबर आहे, गळा मागून येतोय" हे वाक्य मी वर्गात सतत म्हणत असते.

एका मुलाबद्दल लिहिते. त्याच्या आईला विचारूनच लिहितेय, नाव देत नाही. पाथर्डी फाट्याहून सायकलवर यायचा. सातवीत असताना काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, तार (वरच्या सप्तकातल्या) मध्यमापर्यंत सहज जायचा, आवाज निर्मळ, ताना दाणेदार. प्रवेशिका प्रथम झालेली. वडिलांचा हिशेब पक्का होता: दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तेव्हा आठवी-नववीत पुढच्या परीक्षा उरकून घ्यायच्या. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त आठवी-नववी ही नेमकी तीच वर्षं.

पहिली खूण गाण्यात दिसलीच नाही. दारातून "ताई, येऊ का?" म्हणाला तेव्हा आवाजाला किंचित घोगरेपणा होता, शब्दाच्या शेवटी हवा जात होती. गाताना सगळं ठीक. पुढच्या आठवड्यांत तार गंधारावर आवाज बारीक होऊ लागला, धागा निघाल्यासारखा. आईला विचारलं, उंची वाढतेय का? त्या म्हणाल्या, "जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट आत्ताच होत नाहीत." आवाज झपाट्याने उतरतो तो उंची झपाट्याने वाढण्याच्या काळातच, त्यामुळे मी हल्ली बुटांची चौकशी नेमाने करते.

तेव्हापासून त्याच्या नावाचं वेगळं पान उघडलं. पानावर चारच रकाने: तारीख, पट्टी, खाली कुठवर, वर कुठवर. दर वेळी वर्ग सुरू होताना पट्टी नव्याने शोधायची, मागच्या वेळची धरून चालायचं नाही. मी याला सा शोधणं म्हणते आणि ते असं करते. आधी गायचं नाही, बोलायचं. आज शाळेत काय झालं ते सांग, सातचा पाढा म्हण. पाढा म्हणताना आवाज एका जागेवर स्थिरावतो, तो पेटीवर पकडायचा. मग तिथून "ऊ" म्हणत हळूहळू खाली यायचं, जिथे आवाज नुसता खरखरतो त्याच्या अलीकडे थांबायचं. तो आजचा तळ. तळापासून दोन-तीन स्वर वर आजचा सा. मुलाला तो सा लावून विचारायचं, "बरं वाटतंय?" त्याने मान हलवली तरच तानपुरा त्या स्वरात मिळवायचा. मोबाइलवरच्या तानपुऱ्याने हे काम फार सोपं केलंय. पूर्वी मुलामुलाला तारा उतरवत-चढवत बसण्यात अर्धा तास जायचा आणि म्हणूनच कदाचित कुणी या भानगडीत पडत नसे.

त्याच्या पानावर आठवीच्या सुरुवातीला काळी चार आहे. दिवाळीच्या आसपास पट्टी तीच, पण वरच्या रकान्यात "तार गंधार, बारीक". थंडी संपता संपता पांढरी चार. उन्हाळा लागताच एकदम काळी दोन, आणि पुढे लिहिलंय, "पंचमापर्यंत ठीक, धैवत-निषाद फाटतो". पुढचे बरेच दिवस तिथेच. मग पांढरी एक, आणि नववीच्या शेवटी शेवटी काळी एक, तार षड्ज लागतो. अमेरिकेतले संगीतशिक्षक जॉन कुक्सी यांनी १९७० च्या दशकात मुलग्यांचा आवाज उतरण्याच्या पायऱ्या मांडल्या. पायऱ्यांचा क्रम साधारण ठरलेला, वेग मात्र ज्याचा त्याचा, असं त्यांचं म्हणणं. माझ्या वहीतली पानं एकाखाली एक ठेवली की हेच दिसतं. कुणी सहा महिन्यांत उतरतो, कुणाला दोन वर्षं लागतात. वर्गातल्या दोन मुलांची तुलना करण्यात म्हणूनच काही अर्थ नसतो, जुळ्या भावांचीसुद्धा नाही.

काळी दोनचे ते महिने सगळ्यात अवघड. धैवतावर आवाज दुभंगायचा. खालचा जाड आवाज तिथे संपतो, वरचा बारीक अजून हाताशी येत नाही, मध्ये फट. आरोहात तिथवर आला की तो थांबायचा, खाली बघायचा, बोटाने जाजम कुरतडायचा. एकदा फटीवर जोर लावून गेला आणि कोंबडं आरवल्यासारखा आवाज निघाला. मागच्या ओळीतल्या दोघी हसल्या. मी वर्ग थांबवला. रागावले नाही. त्या दोघींना आणि सगळ्यांनाच सांगितलं की या खोलीत ज्याचा आवाज फाटेल त्याला कुणी हसायचं नाही, कारण तो फाटूनही गातोय, आणि ते अवघड काम आहे. मग मोठा तानपुरा त्याच्या मांडीवर दिला आणि उरलेला वर्गभर त्याला छेडायला बसवला. हा माझा आवडता उपाय आहे. ज्या दिवशी गळा साथ देत नाही त्या दिवशीही मुलगा षड्ज-पंचमाच्या मधोमध बसलेला असतो, सूर कानात पडत असतो, तो वर्गाला लागतो आहे हे त्याला कळत असतं.

फट ओलांडायची ती वरून खाली. खालून वर ढकलत नेलं की मान ताठ होते, हनुवटी वर जाते, शिरा दिसतात. त्याऐवजी वरचा बारीक आवाज, ज्याला आपल्याकडे खोटा आवाज म्हणून नाक मुरडतात, तो धरायचा आणि तिथून मींडेने, अगदी हलक्या "म"कारात, खाली घसरायचं. सुरुवातीला मध्ये तुटतं. तुटू द्यायचं. हळूहळू तुटण्याची जागा लहान होते. आपल्या ख्यालात खोटा आवाज चालत नाही हे खरं, पण मैफलीत काय चालतं आणि आठवीतल्या मुलाच्या गळ्याला काय हवं हे दोन निराळे प्रश्न आहेत. याबाबतीत मी माझ्या गुरुभगिनींशी भांडलेही आहे आणि मत बदललेलं नाही.

दुसरं भांडण खर्जाचं. आवाज खाली आला की घरचे उत्साहाने सांगतात, पहाटे उठून खर्ज भरव, आवाज कमावला जाईल. खर्जसाधना हे मोठं साधन आहे, पण ते स्थिरावलेल्या गळ्याचं. रोज जागा बदलणाऱ्या गळ्यावर पहाटे साडेपाचला, नाशिकच्या जानेवारीच्या थंडीत, तळाचे स्वर दाबून भरवायला लावले की मुलगा मोठ्या माणसाच्या आवाजाची नक्कल करू लागतो. मान आत ओढतो, जीभ मागे नेतो, आवाज दबका होतो, आणि ही सवय पुढे काढता काढता नाकी नऊ येतात. माझ्याकडे या काळात रियाज संध्याकाळी, पंधरा-वीस मिनिटं, मध्ये थांबून, बोलण्यापेक्षा थोडाच मोठा आवाज.

राग निवडताना मी सप्तकाचा कुठला भाग मुलाकडे आज आहे ते बघते. वरचा भाग हाती नसेल तर पूर्वांगप्रधान, म्हणजे सप्तकाच्या खालच्या भागात रमणारे, राग घ्यायचे. भूप आणि देशकार, स्वर तेच पाच. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. धैवत फाटणाऱ्या मुलाला देशकार देणं म्हणजे त्याची रोज फजिती करणं. भूप मात्र तो मंद्र (खालच्या सप्तकातल्या) धैवतापासून पंचमापर्यंत फिरून शांतपणे मांडू शकतो. थोड्या पुढच्या मुलांसाठी असाच पर्याय सोहनीऐवजी पूरिया: स्वर तेच, सोहनीचं सगळं नाट्य तार षड्जाभोवती, पूरिया मंद्र-मध्यात रमणारा. या मुलाने काळी दोनच्या त्या महिन्यांत भूपाचे मंद्रातले आलाप असे केले की लहान असताना त्याला जमले नसते, कारण तेव्हा त्याच्याकडे मंद्र सप्तकच नव्हतं. काळी चारमध्ये सा हाच त्याचा तळ होता. आवाज उतरताना मुलाचं जे जातं ते सगळ्यांना ऐकू येतं. जे मिळतं ते शिक्षकाने मुद्दाम दाखवावं लागतं. पहिल्यांदा मंद्र पंचम लागला तेव्हा त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "ताई, इथे वाजतंय."

माझी एक अडचण उघड आहे. मी बाई आहे, माझी पट्टी काळी चार. मुलगा काळी एककडे निघाला की मी गाऊन दाखवलेलं त्याला जसंच्या तसं उचलता येत नाही. मी त्याच्या पट्टीत गायले तर माझा तळ लागतो, सप्तकभर वर गायले तर तो नकळत माझ्यामागे वर चढतो. म्हणून मोठा झालेला एक जुना विद्यार्थी शनिवारी येतो आणि मुलग्यांना पुरुषी पट्टीत गाऊन दाखवतो. तो नसेल तेव्हा मी पेटीवर त्यांचे स्वर वाजवते आणि तोंडाने फक्त बोल सांगते. दोन्ही गटांना एकत्र गायला बसवायचं झालं तर काळी एकचा तानपुरा पंचमात मिळवते. काळी एक आणि काळी चार यांचं नातं षड्ज-पंचमाचं आहे, एक सुमारे १३९ कंपनांचा, दुसरा सुमारे २०८ चा, म्हणजे दोनास तीन. मुलींचा सा हा मुलग्यांचा पंचम. एकाच तानपुऱ्यावर मुली आपला सा लावतात, मुलगे आपला, आणि खोली भरून जाते. हे कानाने पहिल्यांदा उमगतं तेव्हा मुलं एकमेकांकडे बघतात. स्वरांचा संवाद, म्हणजे दोन स्वरांचं एकमेकांशी जुळणं, काय असतं ते फळ्यावर लिहून इतकं कळत नाही.

पण मधल्या पट्टीतल्या मुलाला यातलं काहीच बसत नाही, ना काळी एक, ना काळी चार. शाळांच्या समूहगीतात याच मुलाचे हाल होतात. पाथर्डी फाट्याच्या या मुलाच्या शाळेत आंतरशालेय स्पर्धेची तयारी चालू होती. गाणं मुलींच्या पट्टीत. याचा आवाज वेगळा ऐकू यायला लागल्यावर त्याला सांगण्यात आलं, तू उभा राहा, पण नुसते ओठ हलव. घरी येऊन त्याने आईला काही सांगितलं नाही. मला वर्गात सांगितलं, तेही सगळे गेल्यावर, सायकलचं कुलूप काढता काढता. सहा वर्षं रोज गाणाऱ्या मुलाला ओठ हलवायला सांगणं याचा मला आजही राग येतो. त्या गाण्यात त्याच्यासाठी पाच स्वरांची खालची ओळ बांधता आली असती, नाहीतर धरून ठेवायचा एक लांब षड्ज देता आला असता. मी त्याला तशी ओळ लिहून दिली, त्याने ती शाळेत दाखवली नाही. नवव्या इयत्तेपर्यंत तो शाळेत गायला नाही. माझ्याकडे येत राहिला, एवढंच.

घोगरेपणा दिसला की घरोघरी ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध सुरू होतं. काही बिघडत नाही, घशाला बरं वाटतं. पण गिळलेली कुठलीही वस्तू स्वरतंतूंवरून जात नाही, ती अन्ननलिकेतून जाते, हे लक्षात ठेवावं. तंतूंना ओलावा मिळतो तो दिवसभर पुरेसं पाणी प्यायल्याने. खरं नुकसान होतं ओरडण्याने. आमच्याकडे गणपतीच्या आधी ढोल पथकांच्या सरावाला आठवी-नववीची मुलं हौसेने जातात. नाशिक ढोल म्हटल्यावर त्यांना अडवायचं कुणी आणि कशाला? मी एवढंच सांगते: ढोल वाजव, घोषणा देऊ नको. ढोलाच्या आवाजात स्वतःचं ओरडणं स्वतःला ऐकू येत नाही आणि दुसऱ्या दिवशी गळ्यातून हवा निघते. सर्दी-खोकल्याशिवाय घसा तीन-चार आठवडे सतत बसलेला राहिला, गिळताना किंवा बोलताना दुखलं, तर मी गाणं थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवते. ते आवाज उतरण्याचं लक्षण नव्हे. उलट एखाद्या मुलाची उंची, मिसरूड सगळं येऊनही बोलणं बारीकच राहिलं तरीही दाखवून घ्यावं. स्वरयंत्र वाढलेलं असतं, सवय जुनीच राहिलेली असते, आणि आवाजाच्या उपचारतज्ज्ञांकडे ती बहुधा सुटते.

मुलग्यांना मोठ्या पुरुषाचा मोकळा आवाज ऐकवणंही गरजेचं असतं. ते टीव्हीवर त्यांच्याच वयाची, उंच पट्टीत किंचाळणारी मुलं ऐकतात आणि वर्गात मला. मग आपला आवाज कुठे चाललाय हे त्यांना कसं कळणार? विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात आपल्या पंचवटीत आश्रम काढला, त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली नाशिकलाच जन्मले, हे मुलांना सांगितलं की ती जरा सरसावून बसतात. वडील १९३१ मध्ये गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. पुढे विनायकराव पटवर्धनांकडे शिकले. त्यांचा तो गोड, कुठेही न दाबलेला आवाज मी ऐकवते आणि सांगते, जोर कुठे ऐकू येतोय का बघा. कुमार गंधर्वांची तर लहानपणची ध्वनिमुद्रणं आहेत आणि मोठेपणचीही. दोन्ही लागोपाठ लावते. एका आठवीतल्या पोराने विचारलं होतं, "हे दोघे एकच?" एकच, म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, पुन्हा पहिलं लावा.

मुलींबद्दल कमी लिहितेय, पण त्यांचाही आवाज बदलतो. दोन-तीन स्वरांनी खाली येतो, इतका हळू की कुणाच्या ध्यानात येत नाही. ध्यानात येते ती हवा. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलीच्या आवाजात हवा मिसळते, कारण वाढीच्या काळात तंतू मागच्या बाजूला पूर्ण मिटत नाहीत. अशा मुलीला "खणखणीत गा, आळस करू नको" असं म्हटलं की ती गळा आवळून हवा बंद करते आणि तो आवळलेला आवाज तिचा होऊन बसतो. दम कमी पुरतो, म्हणून लांब आलापांऐवजी छोटे आलाप द्यावे. मासिक पाळीच्या दिवसांत काहींचा आवाज जड होतो, तेव्हा तार सप्तकाचा आग्रह धरू नये. हे मुली मला सांगतात, कारण मी बाई आहे. पुरुष शिक्षकांनी न विचारता गृहीत धरायला हरकत नाही.

आता परीक्षेचं. त्या मुलाच्या वडिलांशी माझं बोलणं सोपं नव्हतं. एप्रिल-मेचं सत्र तोंडावर आणि मुलगा काळी दोनमध्ये धैवतावर अडलेला. ते म्हणाले, "ताई, आवाज काय, होईल नंतर. परीक्षा देऊन टाकू दे." मी वही काढून पान दाखवलं. ते अंबडच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहेत, रकाने वाचायची सवय. पट्टी कशी खाली सरकतेय, वरची मर्यादा कुठे थांबलीय, हे त्यांनी माझ्यापेक्षा लवकर वाचलं. "म्हणजे अजून थांबलेलं नाही," म्हणाले. नाही. परीक्षेला पट्टी ज्याची त्याची असते, मुलाला काळी दोनमध्ये बसवता आलं असतं. पण अभ्यासक्रमातल्या निम्म्या रागांना उत्तरांग, म्हणजे सप्तकाचा वरचा भाग, लागतं. नापास झाला असता असंही नाही. फक्त त्या खोलीत परीक्षकासमोर धैवतावर आवाज फाटला असता आणि तो पुन्हा गायला बसला नसता, हे मला दिसत होतं. आम्ही नोव्हेंबर-डिसेंबरचं सत्र ठरवलं, आणि ते आल्यावर पुन्हा पुढे ढकललं. त्या मधल्या काळात लेखी भागाची तयारी झाली, पलुस्कर आणि भातखंडे दोन्ही स्वरलेखन पद्धती पक्क्या झाल्या, झपताल, रूपक हातावर नीट बसले. ताल आणि शास्त्र यांना आवाज फुटण्याशी काही घेणंदेणं नाही.

दहावीला मिळायचे त्यातले काही गुण त्याचे गेले. वडिलांना ते लागलं, आणि मी ते लपवून ठेवत नाही. पुढच्या पालकांनाही सांगते की असं होऊ शकतं, आणि म्हणूनच परीक्षा शक्य तितक्या पाचवी-सहावीपासून सुरू कराव्यात, म्हणजे मधली दोन वर्षं मोकळी सोडता येतात.

प्रवेशिका पूर्ण त्याने काळी एकमध्ये दिली. आता अकरावीत आहे, कॉलेज रोडला विज्ञानाचे क्लास आणि शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे. यमनचा ख्याल चालू आहे. तार षड्ज मोकळा लागतो, पुढचा गंधार अजून कच्चा आहे, आणि त्याची मला घाई नाही. यंदा सातवीतल्या दोघांचे बूट लहान झालेत. त्यातला एक सध्या पांढरी चारवर आहे. त्याला स्वर गाऊन दाखवायचं काम मी अकरावीतल्या ह्या मुलाकडे सोपवलंय आणि वहीतले रकानेही तोच भरतो.